सहा इंची चक

"ह्यो नको मास्तर. लई जड हाय," दहा इंची चक दोन्ही हातांनी जेमतेम उचलून बघत आप्पासाहेब म्हणाले.

पीटर मास्तरांना हसू आलं. दोन चक पोत्यात बांधून ते सकाळच्या गाडीने नगरहून पुणतांब्याला आले होते. आप्पासाहेबांनी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत लोखंड कातायचा जुना लेथ बसवला होता. त्यावर कातायचा तुकडा जबड्यांत पकडायला चक तेवढा राहिला होता.

"अहो, पंपाचा वेडावाकडा बिडाचा भाग पकडायचा तर हा चार जबड्यांचाच पाहिजे. प्रत्येक जबडा वेगळा सरकतो. तो छोटा सहा इंची तीन जबड्यांचा, गोल कामापुरता."

"एकट्या मानसाला चढवता-उतरवता आला पायजे."

"गोरक्षला? माझ्या हाताखाली दोन वर्षं शिकलाय तुमचा लेक. असले चक खांद्यावर टाकून हिंडायचा. आता तर फौजेतला गडी!"

आप्पासाहेब खाली वाकले. छोट्या चकवरची धूळ उपरण्याने पुसत राहिले.

"ह्योच बसवा," शेवटी ते म्हणाले.

मास्तरांना जरा रागच आला. गिऱ्हाइकाला कळत नाही ते नाहीच, वर हट्ट! पण काम ते काम. त्यांनी लेथच्या स्पिंडलचे, म्हणजे फिरत्या दांड्याचे, आटे ब्रशने साफ केले, तेलाचं बोट फिरवलं. चक निसटून लेथला खोक पडू नये म्हणून खाली फळी टाकली आणि हाताने फिरवत चक घट्ट बसवला. मग त्यात सळई पकडून लेथ चालू केला. सळई जराही थरथरली नाही.

"जबडे आवळायची चावी चकमध्ये विसरून लेथ चालू करायचा नाही, एवढं बजावा त्याला. जीव जातो. बांगला देशची लढाई संपून पाच महिने झाले, सुट्टीवर कधी येतोय?"

"शिकवायचं ते आजच शिकवा, मास्तर. चालवनारं मानूस घरातच हाय."

"म्हणजे आलाय? आणि गुरूला तोंड दाखवायला नको? बोलवा त्या लबाडाला!" चिंधीने हात पुसत मास्तर दाराकडे वळले. "अरे गोरक्ष!"

पदर कमरेला खोचलेली एक विशीतली बाई आत आली. वाकून मास्तरांच्या पाया पडली आणि लेथपाशी जाऊन उभी राहिली.

"ही चांगुणा. गोरक्षची बायको," आप्पासाहेब म्हणाले.

मास्तरांचा पुसता हात तिथंच थांबला.

तिचं कपाळ मोकळं होतं.