डावी बाजू

बाबांनी ताटातलं उजवीकडचं सगळं संपवलं होतं. डावीकडची भाजी तशीच होती. कालही राहिली होती. दिवसभर बस चालवून आलेले बाबा टीव्हीवर हॉकी बघत जेवत होते. बाद फेरीआधीचा शेवटचा सामना संपला.

“आपल्या संघाचं काही खरं नाही,” ते म्हणाले. “डावीकडून कुणी धावतच नाही. बाद फेरीत पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळतील.”

“बाबा, आपले दोन्ही गोल डावीकडूनच झाले. डुलकी लागली होती का?” दादा हसला.

मी बाबांचं ताट हळूच अर्धं फिरवलं.

“आता वाढलीस भाजी?”

“नाही बाबा. मघाचीच आहे.”

त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

“कळतंय मला, बऱ्याच दिवसांपासून,” ते म्हणाले. “उद्या डेपोत सांगून टाकतो. यापुढे बस चालवणार नाही.”