लवकर या हं

त्या घरातले म्हातारे सासरे जोडे शिवायचे. नव्वदी ओलांडली तरी हातातली आरी काही सुटली नाही. अख्ख्या गल्लीच्या पायांत त्यांनी मऊसूत जोडे घातले, पण स्वतःचे मात्र मेले सदा कुरकुरायचे. विचारलं की म्हणायचे, "अगं, सासरा येतोय हे सुनांना आधी कळायला नको?"

घराबाहेर पडताना ते कधी 'जातो' म्हणाले नाहीत. 'येतो' म्हणायचे, आणि धाकटी सून आतून ओरडायची, "लवकर या हं!"

शेवटच्या दिवशीही अंथरुणातून तिच्याकडे बघून ते हलकेच म्हणाले, "येतो गं." तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "लवकर या हं." त्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटले.

ते तिच्या मनाला टोचत राहिलं. आज दुपारी सगळे त्यांच्या आठवणी काढत बसले, तेव्हा तिनं सांगून टाकलं.

थोरली जाऊ डोळे पुसता पुसता हसली. "अगं बाई, म्हातारा शब्दाचा पक्का! जरा जपून बोलायचंस."

हसू ओठांवर होतं, तोच जिन्यात कुरकुर वाजली. एका पायरीवर. मग वरच्या पायरीवर.

सगळ्यांनी दाराजवळच्या फळीकडे पाहिलं. धाकटीनं सकाळीच पुसून ठेवलेले त्यांचे जोडे तिथे नव्हते.

कुरकुर दारापाशी येऊन थांबली. थोरलीनं तिचा हात घट्ट धरला. "बोलू नकोस. काही म्हणता काही बोलू नकोस."

बाहेर कुणीतरी ओळखीचं खोकलं.

"सूनबाई, फार उशीर नाही ना झाला?"