हलकं मशीन

“हे नको. हे तर हातच उपटून काढेल,” म्हणत विजयमालाने दुसरं मशीनही टेबलावर ठेवून दिलं.

टेबलावर बॅटरीवर चालणारे तीन स्क्रू ड्रायव्हर मांडलेले. ते विकायला आलेला तेजस घामाघूम होऊन उभा. पुण्याजवळच्या नऱ्ह्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये भर एप्रिलात टाय घालून आलेला तो पहिलाच माणूस. शेडचे मालक दत्तप्रसाद साहेब हाताची घडी घालून बघत होते. त्यांच्याकडे प्लगचे डबे जोडले जायचे, ऑफिसांत टेबलांखाली बसवतात ते. हिंजवडीत रोज नवी इमारत उठत होती, डबे कितीही दिले तरी कमीच पडत होते, आणि इथे दोन बायका अजून हातानेच स्क्रू पिळत बसल्या होत्या.

दोघी म्हणजे विजयमाला आणि प्रेमला. दोघींत एक टेबल, एक क्रेट. कुणी किती डबे केले हे कधी कुणी विचारलं नाही. संध्याकाळी क्रेट भरला की झालं. म्हणून तर वर्षभर सगळं झाकून गेलं होतं. प्रेमलाचं उजवं मनगट पार कामातून गेलं होतं. दुपारनंतर बिचारीला चहाचा कपसुद्धा धरवत नसे. ती आपली झाकणं लावून द्यायची, डबे पुसायची, आणि स्क्रू सगळे विजयमाला पिळायची.

“विजू, सांगून टाकते गं साहेबांना. तुझे हाल बघवत नाहीत,” असं प्रेमला म्हणाली की विजयमाला डाफरायची, “सांग की! आणि उद्यापासून सोनूला काय खायला घालशील? भिंती?”

सोनू ही प्रेमलाची लेक. नवरा नव्हता, दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. विजयमालाच्या घरी तरी कुठे सुखाचे दिवस होते म्हणा! नवऱ्याची पिंपरीची कंपनी बंद पडली तेव्हापासून तो दारात बसून एकच पेपर दोनदा वाचायचा. घर चालायचं ते हिच्या पगारावर. पण हिचे हात धड होते.

तर मशीन निवडायला ती एवढी हट्टाला पेटून बसली होती ती प्रेमलासाठी. साहेबांचे डबे गेले खड्ड्यात. पहिल्या मशीनची बॅटरी बघता बघता मान टाकत होती. दुसरं दणकट, पण स्क्रू बसला तरी थांबायचं नाव नाही, वर असा हिसका द्यायचं की मनगटाची वाट लागावी. तिसरं मात्र लाटण्याएवढं आणि हलकं. स्क्रू बसला की आपोआप थांबायचं. हाताला काही म्हणजे काही कळायचं नाही.

“प्रेमला, तू चालव गं,” विजयमाला म्हणाली.

प्रेमलाने भीत भीत ते उचललं. एक स्क्रू गेला. दुसरा गेला. मग भराभरा जायलाच लागले. एक डबा झाला, दुसरा झाला, आणि प्रेमला चक्क हसली. किती दिवसांनी! विजयमालाचा जीव भांड्यात पडला.

“दिवसभर एवढं काम असेल तर हेच घ्यावं सर,” तेजस म्हणाला आणि त्याने किंमत सांगितली.

“यात सोनं घातलंय का हो?” साहेब म्हणाले. “दोन घ्यायची तर मला शेड विकावी लागेल. राहू द्या. हातानेच बरं चाललंय.”

हातातोंडाशी आलेलं मशीन परत चाललं होतं.

“अहो साहेब, दोन कशाला?” ती घाईघाईने बोलून गेली. “एकच घ्या! एका मशीनवर आमच्या दोघींचं काम आरामात होतंय. आत्ता बघितलंत ना?”

साहेबांनी बघितलं होतं.

“खरंय तुमचं,” मग ते म्हणाले. “एक मशीन बास. म्हणजे टेबलावर माणूसही एकच बास की. प्रेमलाबाई, तुमच्या हाताला छान बसलंय ते. एकटीला जमेल?”

विजयमालाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने प्रेमलाकडे बघितलं. आता ही बोलेल. म्हणेल, साहेब, दोघी आहोत तर दोघीच राहू. प्रेमलाने मान वर केली नाही.

“हो साहेब,” ती पुटपुटली. “जमेल मला.”

अशी आग झाली विजयमालाच्या अंगाची! कुणासाठी झिजले मी? हिच्यासाठी? एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा अवकाश होता. शब्द ओठांवर आलाही. तेवढ्यात तिचं लक्ष टेबलाखाली गेलं. प्रेमलाने उजवं मनगट डाव्या हाताने गच्च आवळून धरलं होतं. तेवढ्या दोन डब्यांनी तिची बोटं थरथरत होती, आणि खाली घातलेल्या तोंडावरून पाणी ओघळत होतं.

“विजयमालाबाई, तुम्ही शेजारी बसता यांच्या,” साहेब म्हणाले. “खरं सांगा. टिकेल का यांचा हात दिवसभर?”

“न टिकायला काय झालं?” विजयमाला म्हणाली. “वर्षभर दोघींचे स्क्रू तीच तर पिळतेय.”