दारातला पहारा

युद्धानंतरच्या नैराश्यावर सरकारी खर्चाने मिळणारी नशिल्या अळंबीची गोळी ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या दवाखान्यात निवृत्त सार्जंट ट्रॅस्कने घेतली खरी. पण डोळ्यांवर पट्टी बांधून आडवा व्हायला तो काही तयार होईना. अफगाणिस्तानातून परतल्यापासून त्याने दारावरची नजर कधी काढलीच नव्हती. पट्टीवाचून उपचार वाया जाईल, हे डॉक्टरबाईंनी परोपरीने सांगून पाहिले.

अखेर, त्याला घरी न्यायला आलेला त्याच्या तुकडीतला जुना शिपाई हॅनिगन उठला आणि खुर्ची दारात ओढून बसला. "सार्ज, पहारा माझा. निजा आता."

ट्रॅस्कने पट्टी बांधली. "डुलकी काढलीस तर बघ, गाढवा!"

हॅनिगन हसला.

 

"याच अळंबीपायी तुम्ही मला पलटणीतून हाकललं होतंत, सार्ज. आज शुद्धीवर मी आहे!"