मोटारीची चूल

लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून मुरबाडची जुनी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे लोखंडी शेगडी आणि तिला वारा घालायला हाताने फिरवायचा पंखा. आज पंखा गरगर फिरत होता, पण निखारे फुलेनात. म्हशाच्या जत्रेचे उतारू खोळंबले. ही खेप चुकली तर मालक मोटार मोडीत काढणार होता. ड्रायव्हर सावळारामने पाती पुसली, दांड्याला तेल घातलं, तरी तेच. शेवटी तो शेगडीखाली वाकला, तर वारा आत घेणारं भोकच शेणाने लिंपलेलं! “कोणी केलं हे?” मोटार जिच्या अंगणात मुक्कामाला असायची, ती बाईजाकाकी पुढे आली. “मीच सारवली. बिनसारवली चूल पेटवू नाय रे!” सावळारामने हसत भोक मोकळं केलं, निखारे फुलले, मोटार निघाली. दुसऱ्या सकाळी शेगडी पुन्हा सारवलेली होती. भोक तेवढं उघडं, त्याच्याभोवती रांगोळी.