जावयाने घासली गाडी

सासऱ्यांची लाल गाडी दोन दिवसांसाठी मागून नेली होती, म्हणून परत देताना जावयाने ती त्यांच्याच अंगणात चकाचक करायला घेतली. धुतलेल्या पत्र्यावर साबणाचं पाणी फवारायचं आणि क्ले बार, म्हणजे कणकेसारखा मऊ गोळा, त्यावर अलगद फिरवायचा. रंगात रुतून बसलेली घाण तो ओढून घेतो, असं त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. टप आणि बॉनेट आरशासारखं लखलखू लागलं. मागच्या दारावर मात्र गोळा जरा जोरात फिरला आणि वीतभर ओरखडा उघडा पडला. गोळ्याला लाल रंग लागला होता.

सासरे या गाडीवर माशीसुद्धा बसू देत नसत.

तो तडक स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेला. "आई, माझ्या हातून गाडीचा रंग खरवडला गेला. बाबांना काय सांगू?"

सासूबाई बाहेर आल्या, चष्मा लावून त्यांनी ओरखडा नीट पाहिला. "तुम्ही काही सांगू नका, मी सांगते," त्या शांतपणे म्हणाल्या. "जावयाला ते एका शब्दाने बोलायचे नाहीत."

त्याला भरून आलं. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं त्याने आत जाऊन बायकोला सांगितलं आणि तो हात धुवायला गेला.



सासूबाई लेकीच्या कानाशी लागल्या, "गेल्या आठवड्यात मीच फाटकाला घासली होती गं. वर फासलेली नेलपॉलिश आज निघाली, आणि मी सुटले."