टोर्वे बेटाची पेटी

"हे कुठल्या आघाडीवरचे?" सिरिल बूथमननं विचारलं.

विल्फ ऑर्मरॉडनं तोंडातला पाईचा घास घाईघाईनं गिळला. खरं सांगायचं तर टेबलावरच्या पेटीतल्या त्या आठ शिशाच्या सैनिकांना आघाडीच नव्हती. विल्फचे निम्मे साचे हिवाळ्यात फुटले होते. उरल्यासुरल्यातून त्यानं वाळवंटातल्या पलटणीचे पाय आणि क्रिमियातली डोकी जुळवली होती. म्हणून खाली अर्धी चड्डी आणि वर केसाळ टोपी. टाकून देण्यापेक्षा बरं, एवढाच त्यामागचा विचार.

पण सकाळपासून टेबलाशी चिटपाखरू फिरकलं नव्हतं. वॉटर्लू ज्याच्या त्याच्या कपाटात होतं, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. हल्ली संग्राहकांना आडबाजूची लढाई लागे. जेवढी आडबाजूची, तेवढी झुंबड मोठी. आणि संग्राहक मंडळाच्या चिटणीसानं विल्फला बजावलं होतं, यंदा गिऱ्हाईक जमलं नाही तर रॉचडेलच्या या जत्रेतली जागा दुसऱ्याला. एकतीस वर्षांची जागा. बायको गेल्यापासून विल्फ मांजराखेरीज कुणाशी बोलत असेल तर तो याच दोन दिवसांत, याच टेबलामागून.

"टोर्वे बेट," त्याच्या तोंडून निघून गेलं. "बेचाळीस साल."

असं बेट पृथ्वीच्या पाठीवर नाही. पण चार संग्राहकांदेखत "मला ठाऊक नाही" म्हणायचं? त्यापेक्षा त्या सभागृहातल्या कुणीही शिशाचा सैनिक चहाबरोबर गिळला असता.

"अर्थात!" सिरिल म्हणाला. "टोर्वे! चड्डीवरूनच ओळखायला हवं होतं मी. वर बर्फ आणि जमिनीतून उकळते झरे, नाही का?"

"झरेच झरे," विल्फ म्हणाला.

दुपारपर्यंत टेबलापुढं रांग लागली. एकाला टोर्वेचा तोफखाना हवा होता, दुसऱ्याला टोर्वेचा बँड. तिसरा म्हणे, टोर्वेवर त्याच्याकडं अख्खी फाईल आहे, फक्त आत्ता सापडत नाही.

शेजारच्या टेबलावर शिशाचे घोडे विकणाऱ्या एनिड ग्रिमशॉनं मान लांबवली. "काय रे विल्फ, तुझं बेट भरतीच्या वेळी बुडतं का? नकाशात दिसत नाही म्हणून विचारते."

"तू तुझे घोडे सांभाळ, एनिड. एकाला तीनच पाय आहेत."

"चौथा टोर्वेला गेलाय लढायला!"

विल्फ हसला, पण हसू ओठांवरच वाळलं. दारातून कॅप्टन पेकनम येत होते, मागोमाग पत्नी मार्जरीबाई. कॅप्टन मंडळाचे परीक्षक. हातात भिंग, नजर बटणांवर. पेटी खोटी वाटली तर शब्द बोलत नसत, नुसती उलटी ठेवत. एकदा पेटी उलटी झाली की त्या कारागिराला जन्मभर या सभागृहाचा उंबरठा बंद. लढाईत स्वतः कुठं होतात, असं विचारलं तर "उत्तरेला" म्हणत आणि विषय बदलत.

रांग आपसूक बाजूला झाली. कॅप्टननी एक सैनिक उचलला. भिंग टोपीवरून गुडघ्यापर्यंत उतरलं आणि तिथंच थांबलं.

"आघाडी?"

"टोर्वे, कॅप्टनसाहेब," विल्फ म्हणाला.

कॅप्टननी पेटी हातात घेतली. विल्फनं डोळे मिटले.

"मोजे चुकलेत," कॅप्टन म्हणाले. "पांढरे दिलेत तुम्ही. राखाडी हवेत. पांढरे त्या गंधकाच्या वाफेनं दोन दिवसांत पिवळे पडायचे."

विल्फनं डोळे उघडले.

"म्हणजे तुम्ही..." सिरिल एक पाऊल पुढं आला.

"दोन हिवाळे," कॅप्टन खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्याबद्दल बोलायची परवानगी नव्हती."

सिरिलनं हॅट काढली, ते बघून आणखी दोघांनी काढली. कॅप्टननी पेटी सुलटी, हलक्या हातानं खाली ठेवली. पाठ अशी ताठ, जणू छातीवर कुणी नुकतं पदक लावलंय.

मार्जरीबाई मात्र विल्फकडं बघत होत्या. एकटक.

"डेस्मंड, मला चहा आण," त्या म्हणाल्या. "आणि या सगळ्यांना घेऊन जा. त्यांना ऐकायचंय तुझ्याकडून."

सगळी मंडळी कॅप्टनभोवती गोळा होऊन चहाच्या खिडकीकडं सरकली. बाईंनी खुर्ची ओढली आणि विल्फसमोर बसल्या.

"ऑर्मरॉड, माझा नवरा सबंध लढाईभर इथंच, दक्षिण इंग्लंडात, स्विंडनच्या गोदामात घोंगड्या मोजत होता. दर आठवड्याला पत्र यायचं. कसर लागल्याच्या तक्रारी, दुसरं काही नाही. एकूण एक पत्र जपून ठेवलंय मी."

विल्फनं खालची रिकामी खोकी पुढं ओढली. "आवरायला घेतो, बाईसाहेब. चिटणीसांना मीच सांगतो. कॅप्टनसाहेबांचं नाव नाही येऊ देणार."

"बसा खाली." बाईंनी चहाच्या खिडकीकडं पाहिलं. कॅप्टन हातवारे करून एक भलामोठा झरा दाखवत होते आणि सिरिल वहीत टिपून घेत होता. "एका पेटीत किती?"

"आठ."

"सगळे पुरुषच?"

"हो, बाईसाहेब."

"तिथंच चुकलंय तुमचं." त्यांनी टोपीखालची पांढरी बट कानामागं सारली. "पुढच्या पेटीत एक नर्स घाला. केस तांबडे. मीही तिथंच होते."